ओहोटीची वही

डिसेंबरातल्या वादळानंतर
ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर एक कासव लागलं.
थंडीनं आखडलेलं, पाठीवर हिरवं शेवाळ.
आइला निसकानेननं रिकामी स्कूलबस कडेला घेतली,
फोन लावला, आणि कोट हातातच धरून उभी राहिली;
गोठलेल्याला एकदम ऊब द्यायची नसते.

मुलांनी त्याचं नाव ठेवलं पॅनकेक.
पेपरात फोटो आला. डोळ्यांतून मीठ गळत होतं,
खाली छापलं होतं : रडणारं कासव.

तिची वही बसमध्येच असते, भिजली तरी न फाटणारी.
तीच खाडी, तेच नऊ खडक, बारा वर्षं.
सूर्यफुली तारामासे : एक्केचाळीस.
पुढच्या पानावर नऊ.
त्या वर्षी तिनं पाहिलं होतं,
गळून पडलेला एक हात
धडाला मागे टाकून
एकटाच चालत निघाला होता,
कुठे ते त्यालाही माहीत नसावं.
मग शून्य. शून्य. शून्य.
खालचं केल्पचं रान काटेरी जांभळ्या गोळ्यांनी
बुडख्यापर्यंत खाल्लं.

आपण म्हणतो तारामासा.
तारा नाही, मासाही नाही.
रक्त नाही, नळ्यांतून समुद्रच फिरतो;
पाणी तापलं की आतूनच तापतं,
मध्ये पाठ नाही, ढाल नाही.
डोळा आहे, प्रत्येक हाताच्या टोकाला एक,
पण वीस ठिकाणांहून बघणाऱ्याशी
नजर कशी मिळवायची?

आणि कासवी म्हणे नजरेनंच पिलं वाढवते.
खरी तर अंडी वाळूत पुरते
आणि वळूनही बघत नाही.

धोक्याच्या यादीत दोघंही आहेत.
तारा कासवाच्या वर.
वर, म्हणजे कड्याच्या जास्त जवळ.

"शून्य कशाला लिहीत बसायचं?" डेपोतला व्हर्नन विचारतो.
"नाही लिहिलं तर मी गेलेच नव्हते असं होईल."
थोडं थांबून,
"किंवा ते नव्हतेच, असं."

जूनमध्ये पॅनकेक विमानानं दक्षिणेला गेलं.
निरोपाला अख्खी शाळा, हातात रंगवलेले फलक.
आइला नव्हती.
पहाटे पाच सदतीसला वर्षातली सगळ्यात खोल ओहोटी होती.

सातव्या खडकाच्या पोटाखाली
तिनं गाल ओल्या दगडाला टेकवून टॉर्च मारला.
बराच वेळ.
मग कानामागची पेन्सिल काढली,
नेहमीसारखं शून्य गिरवलं,
आणि या खेपेला
त्याचं तोंड न जुळवता सोडलं.