पंधरा मिनिटं

आधी आगुस्तीन यायचा, दोन महिन्यांतून एकदा,
बोरीच्या चढणीवर सायकल ढकलत.
पडवीतल्या स्टुलावर चढायचा,
काचेवर फुंकर मारून आकडे लिहायचा,
उतरला की सोलांचं पाणी.

त्यालाही कळायचं बरंच.
कुंदा बाळंतपणाला आली तेव्हा म्हणाला,
‘बाय, यंदा युनिटां चडल्यांत.’
हे गेल्यावर आकडा उतरला,
तेव्हा काहीच म्हणाला नाही.
पाणी पिऊन पेला स्वतःच विसळून ठेवला.

नवा मीटर पांढरा, गुळगुळीत.
एक हिरवा ठिपका मिचकत राहतो.
बसवायला आलेल्या पोराने सही कुठे ते दाखवलं.
दर पंधरा मिनिटांनी हा सांगतो म्हणे.
कुणाला,
ते पावतीवर नाही.

मग प्रज्योतचा फोन, डब्लिनहून.
‘आई, काल रात्री अडीचला काय चालू होतं?
अर्धा तास?’
त्याच्या मोबाईलवर माझं घर उघडतं.
निळे खांब, उंच, बुटके,
त्यातला एक भलत्या वेळी उगवलेला.

काय सांगायचं?
की मधल्या खोलीतला पंखा लावते मी,
तीनवर, त्यांना लागायचा तसा,
आणि कॅलेंडरची पानं फडफडतात
तोवर दारात उभी राहते?

‘फ्रिज असेल,’ म्हटलं.

तेव्हापासून सहाला गीझर लावते.
अंघोळ नऊला, विहिरीच्या पाण्याने.
साडेअकराला मिक्सर रिकामाच फिरवते;
एकटीसाठी कोण नारळ फोडणार, वाटण वाटणार.
खांब आपापल्या जागी उगवतात.
बिल वाढलंय.
प्रज्योत खूश: ‘छान रुटीन बसलं गं तुझं.’

शेजारची फिलोमेना कुडतरीला गेली की
व्हरांड्यातला दिवा चालू ठेवते, चोरांसाठी.
मी तिला हसायचे.

काल अडीचला जाग आली.
बटणापर्यंत हात गेला, मागे घेतला.
अंधारात चाचपत पडवीतून स्टूल आणलं,
आगुस्तीनचं, एक पाय अजून डुगडुगतो,
चढले, आणि पातं धरून
हातानेच फिरवलं.
एक फेरा. दुसरा अर्धा.
पान एकही हललं नाही.
डोळ्यांत धूळ गेली फक्त,
खूप दिवसांची.

पडवीत ठिपका मिचकत होता.
त्या पंधरा मिनिटांपुढे
काय लिहिलं असेल त्याने?
फ्रिज, बहुतेक.