हवा काढणे

सावईवेऱ्याला, आमच्या कुळागराच्या तोंडाशी
बारा वर्षं उभी होती बाबांची टाटा दोनशे सात.
मिरवेल आरशावरून चढून टपापर्यंत पोचली होती.
तीन भंगारवाले येऊन गेले,
तिसऱ्याने तर म्हशीला मारावी तशी तिच्या पाठीवर थाप मारली
आणि वजन सांगितलं.
त्या रात्री वीजखात्याच्या कर्जाच्या फॉर्मवर
'कारण' या रकान्यात मी लिहिलं : घरदुरुस्ती.
फारसं खोटं नव्हतं.

ज्योकी मिस्त्री आला, फेरीबोटीच्या पोटात तीस वर्षं काढलेला.
आधी टाकी उतरव, म्हणाला.
डिझेल कुजतं, बाये, पण दुधासारखं नाही,
माणसासारखं. हळूहळू, तळापासून.

मागच्या पाट्याचा एक बोल्ट काही केल्या सुटेना.
त्याला रॉकेल पाजलं, खोबरेल पाजलं,
ज्योकीने पोर्तुगीजमधून दोन शिव्या पाजल्या.
शेवटी तो तुटला,
आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

हिरव्या रंगाखाली निळा होता.
निळ्याखाली, चारशे नंबरच्या पेपरला,
पिवळं एक वळण लागलं. मग काना.
मग 'सातेरी सोडा', त्यातला 'ड' जरा कलंडलेला.
तिथे मी हात थांबवला.
तेवढ्या वीतभर जागेवर अजून रंग दिलेला नाही.

बाबा सोप्यावर बसून बघायचे,
कानाचं यंत्र सदऱ्याच्या खिशात.
पंपावरचा स्क्रू सैल करून मी हाताने दट्ट्या मारत होते :
फेस, फेस, बुडबुडे, पुन्हा फेस.
हवा राहिली तर इंजिन धरणार नाही, ज्योकी सांगत होता.
मला हसू आलं.
ह्या माणसाने जन्मभर पाण्यात हवा भरली,
गोटी दाबून बंद केली, गावोगाव विकली.
आणि मी इथे मांडी घालून
थेंब थेंब हवा काढतेय.

मग डावं दार उघडलं,
काचेची दोरी बदलायला.
पत्र्याच्या पोटात, गंजाच्या चुऱ्यात,
अकरा गोट्या.

सात वर्षांची होते.
काचेच्या फटीतून टाकलेली गोटी जाते कुठे
एवढंच बघायचं होतं.
जायची. परत यायची नाही.
म्हणून दुसरी टाकायची.

त्या खुळखुळीपायी बाबांनी दोन मेकॅनिक बदलले.
प्रत्येक नट आवळला, सीट उपसली,
आणि एका मे महिन्यात
फोंडूला कामावरून काढलं. क्लीनर पोरगा,
चौदा-पंधराचा. हा मुद्दाम नट ढिले करतो म्हणून.
तो क्रेट उतरवून ठेवून गेला,
रिकाम्या बाटल्या मोजून, बरोबर.
मी पायरीवर बसून सोडा पीत होते.
लिंबाचा. मीठ घातलेला.

गाडी सुरू झाली रविवारी, चौथ्या सेल्फला.
आधी पांढरा धूर, मग खोकला,
मग ज्योकीने डोळे मिटून बोट वर केलं :
तिसरा सिलिंडर जरा मागे आहे, येईल.
बाबांना शेजारी बसवून वळणापर्यंत नेलं.
ऐकू तर काही येत नाही त्यांना.
तरी दारावर तळवा टेकवून बसले,
आणि परतताना म्हणाले,
हें दार ओगी कित्याक?

मी गिअर बदलला.

सोमवारी फिटनेसला न्यायची होती,
त्याआधी बाणस्तारीला थांबले, पंक्चरच्या दुकानापाशी.
पन्नाशीचा माणूस उठला, कपाळाला ग्रीस,
गाडीभोवती एक फेरी मारली,
उघड्या ठेवलेल्या पिवळ्या अक्षरांपाशी किंचित रेंगाळला.
पुसलं काही नाही.
नळी घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला.

किती भरू? म्हणाला.

माझ्या मुठीत गोट्या गरम झाल्या होत्या.