गुरुवारी पाणी नाही

तिथे समुद्र आहे म्हणे, स्टेशनपासून सात मिनिटांवर.
श्रीरंग रोज सहा अठ्ठावीसची गाडी पकडणार,
शहरात पोचायला एक तास चार मिनिटं.
आत्तापासूनच पाठ केलंय त्याने,
धनकवडीतल्या या बिनपंख्याच्या खोलीत बसून.
पंखा काल मोऱ्यांच्या पुतण्याने नेला, साडेचारशेला.

निहार विचारतो, भरती कोण सोडतं?
त्याला वाटतं, तिथेही एक व्हॉल्व्हवाला असणार,
सायकलला लांब चावी बांधून येणारा.

मी हसले. हसू अर्धंच राहिलं,
कारण भाडेकराराच्या कागदांसोबत
भरती-ओहोटीचं वेळापत्रक खरंच आलंय,
मिनिटांसकट.

बॅगेला तेवीस किलो.
काट्यावर आधी मी एकटी, मग बॅग उचलून मी.
वजाबाकी.
पोळपाट बाहेर. निहारचे बूट बाहेर. पोळपाट पुन्हा आत.
कर्वेनगरहून आलेली आई
भाजणीचा डबा पोटाशी धरून उभी,
बोलत नाही, नुसता आकडा बघते.

आज बुधवार. जिन्यात नोटीस:
उद्या पाणी नाही, शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने.
आमची टॅक्सी पहाटे तीनला.

रात्री अकराला माझं मलाच दिसलं,
दोन्ही बादल्या, पिंप,
न्यायचा नाही ठरलेला तो मोठा कुकरसुद्धा
मी काठोकाठ भरून ठेवलाय.

श्रीरंग दारात.
कुणासाठी गं?

नळ बंद केला.
तरी ठिबकतोय.
वायसर बदलायचं राहूनच गेलं.