पुकारा

उदगीरच्या कोर्टात माझी जागा जिन्याखाली.
एक बाक, त्यावर फाटकं मेणकापड,
गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र,
त्यातला माझा फोटो घामानं पुसत चाललाय.

मी वकील नाही. हे दिवसातून वीसदा सांगते.
तरी लोक माझ्यासमोर कागद उघडतात
ओच्यातून, खताच्या पिशवीतून,
एकानं तर जर्मनच्या डब्यातून काढली नोटीस,
भाकरीखालची, तेल प्यालेली.
अक्षरं उलट जास्त स्पष्ट दिसत होती.

मला ठाऊक आहे ते असलं :
नकलेची खिडकी अडीचला उघडते असं पाटी म्हणते,
उघडते तीनला.
बायकांच्या संडासाची किल्ली झेरॉक्सवाल्या रियाजकडं.
वरच्या मजल्यावरच्या शिपायानं दात काढलेत सगळे,
त्याचा पुकारा उंबऱ्याबाहेर येत नाही,
त्याच्या दाराशी कान घेऊनच उभं राहावं.
आत रडलं तरी चालतं,
फक्त बोलताना पदर तोंडातून काढावा.

आज देवर्जनची छबू आली, पहिल्या एसटीनं.
पोटगीचं प्रकरण. तिसरी तारीख.
मागच्या दोन्ही तारखांना ती इथंच होती,
त्याच दारापासून चार हातांवर, भिंतीला टेकून,
कोर्ट उठेपर्यंत.
कागदावर दोन्हीदा : अर्जदार गैरहजर.

‘असं कसं गं?’
‘माझं नाव घेतलंच न्हाई कुनी.
मी ऐकूलालते की.’

अर्ज पाहिला. त्यात छबू नव्हतीच.
होती इंद्राबाई भ्र. व्यंकट मुळे.
‘ही इंद्राबाई कोण?’
बराच वेळ ती फरशीकडं बघत राहिली.
‘लग्नात ठिवलं व्हतं. ताटात, तांदळावर लिहून.
मग तांदूळ शिजवले.’

आणि ते भ्र.
कोण जाणे कधीपासून आमच्याकडच्या बायांच्या नावात
पाचरीसारखं ठोकलेलं एक अक्षर.
भ्रतार.
ज्यानं रात्री अकराला दाराबाहेर काढलं
त्याचंच नाव पाठीला लावून
त्याच्याच विरुद्ध दाद मागायची.

मग जिन्याखाली आम्ही सराव केला.
मी शिपाई झाले, बोळक्या तोंडाची.
इंद्राबाई भ्र. व्यंकट मुळे!
पहिल्यांदा तिनं मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.
चहावाला पोरगा हसला.
दुसऱ्यांदा लाजली.
तिसऱ्यांदा मी रागावले, उगीच.
चौथ्यांदा हात वर गेला, शाळेतल्यासारखा,
‘हाय जी.’

सोळा वर्षांपूर्वी मी तहसीलच्या बाकावर दिवसभर बसले होते.
कोर्ट पलीकडच्या इमारतीत आहे
हे मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही कुणाला,
मोठ्या इमारतीत विचारायचं कसं ते ठाऊक नव्हतं.
निकाल एकतर्फी लागला.
तो कागद पेटीत आहे. डांबराच्या गोळ्यांत. असो.

साडेबाराला वरून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं.
मी ऐकलं नाही. तिनं ऐकलं.
चप्पल बाहेर काढून निघाली,
मी म्हटलं, घाल, देऊळ नाही ते.

चार मिनिटांत परत.
‘काय झालं?’
‘म्होरची तारीख. सतरा.’
व्यंकट आलाच नव्हता.
त्याच्या वकिलाला ताप होता म्हणे.
‘पन मला बघून लिहिलं काहीतरी त्या बाईनं.’
मला माहीत होतं काय लिहिलं ते.
सांगितलं.
ती स्वतःशीच तो शब्द म्हणून बघत होती,
हजर, हजर,
दाताखाली खडा आहे का पाहावं तसं.

जाताना वळली.
‘मावशी, ते मधलं खोडता येतं का?
निस्तं छबू म्हनून?’

मी वकील नाही, म्हटलं.
आणि बाकाखालून कोरा कागद काढला,
रियाजकडून पेन मागवलं.