मधली खुर्ची

डॉक्टरांच्या खोलीत तीन खुर्च्या.
मधली माझी,
पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून.

कानातून इंग्रजी आत, तोंडातून लाओ बाहेर.
घरमालक, बँक, शाळेतली बाई, विजेचं बिल,
सगळे माझ्यावरून ये-जा करत
दारातल्या पायपुसण्यावरून करावी तशी,
विनिपेगचा काळा बर्फ बुटांना घेऊन.

आई कोटांच्या कारखान्यात बाह्या शिवायची.
उणे तीसमध्ये गावाला ऊब,
तिच्या स्वतःच्या कोटाची चेन मात्र बिघडलेली.
बाबा रात्रपाळीला, गोठवलेल्या माशांच्या गोदामात.
फ्रिजवर बुद्ध.
त्याच्यापुढे रोज बोटभर चिकट भात.

अकरा वर्षांची होते मी.
डॉक्टर जो शब्द बोलले
तो मला लाओमध्ये येत होता. तेच वाईट झालं.
बाबा माझ्याकडे बघत होते, डॉक्टरांकडे नाही.
मी म्हटलं, "विश्रांती घ्या म्हणतात."
बाबा हसले. खाली येऊन
मला संत्र्याचा ज्यूस घेऊन दिला.
पाच महिने घेतली त्यांनी विश्रांती.

मग आठ वर्षं मी नीट बोलले नाही,
म्हणजे बोलले खूप,
पण सगळं दुसऱ्यांचं.

चर्चमध्ये शिरले ते बस चुकली म्हणून.
खरं कारण एवढंच. आत हीटर होता.
आठ-दहा माणसं, बहुतेक फिलिपिनो बायका,
एक क्री आजोबा, आणि पियानो,
ज्याचा एक सूर कायमचा रुसलेला.
पाळकबाई म्हणाल्या, आता गप्प बसू या,
ज्याला जे सांगायचं ते त्यानं देवाला सांगावं.
सवयीनं मी आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.
कुणाचं कुणाला सांगायचंय?
कुणीच नव्हतं.
"मी खोटं बोलले," मी म्हटलं,
कुठल्या भाषेत ते आठवत नाही.
पहिल्यांदाच एखादं वाक्य
माझ्यातून निघून दुसरीकडे कुठे वळलं नाही.

उजेडबिजेड काही पडला नाही.
हीटर खडखडला.
नंतर तळघरात सूप मिळालं, मीठ कमी.
पुढच्या रविवारी बस वेळेवर होती
आणि मी ती जाऊ दिली.

बाप्तिस्म्याला आई आली नाही.
रात्री म्हणाली, "पाणी गरम होतं?"
"कोमट."
"केस पूस नीट."
तेवढ्यावर धर्माचा विषय संपला आमच्या घरात.

आता त्याच चर्चची मी पाळक, चन्सामोन फोम्मावोंग.
पाटीवर नाव मावत नाही.
रविवारी पाच भाषा, पियानो तोच.
'रोजची भाकर' म्हणताना दर वर्षी भांडण.
लेतेब्रहान म्हणते, इंजेरा. आईच्या वयाच्या लाओ बायका,
भाताशिवाय ते जेवण कसलं?
क्री आजोबा तव्यावरची त्यांची जाड रोटी सोडायला तयार नाहीत.
देवाला कळत असेल. मला मीटिंग घ्यावी लागते.

दीक्षेच्या आदल्या रात्री मी आईला ते सांगितलं,
अकराव्या वर्षीचं.
ती भाताची टोपली धूत होती.
"त्यांना माहीत होतं," म्हणाली.
"उगाच का ज्यूस घेऊन दिला तुला?"
आणि टोपली उपडी घातली.

काल रात्री हॉस्पिटलमधून फोन.
कांगोहून आलेली बाई, इलुंगा आडनाव,
डॉक्टर फाइल उघडून बसलेले,
खुर्च्या तीनच,
मधलीत नऊ वर्षांचा एक मुलगा.
त्याचे पाय टेकत नव्हते.

मी म्हटलं, फोनवर दुभाषी लावा. आम्ही थांबतो.
मुलाला म्हटलं, ऊठ.
तो उठेना.
आईचा कोट धरून बसला,
त्याच्याशिवाय तिला ऐकू येणार नाही अशा भीतीनं.
मी खिशातली सगळी चिल्लर त्याच्या हातात ओतली.

तिची भाषा मला येत नाही, एक शब्द नाही.
तरी त्याच्या जागी बसले.
खुर्ची अजून गरम होती.

काचेपलीकडे मशीनसमोर तो,
नाणी मोजतोय, पुन्हा मोजतोय,
काय घ्यावं ते ठरत नाहीये त्याचं.

लाव वेळ, बाळा.
लाव हवा तेवढा.