कानातला खडा

पहिल्या दिवशी मिळालं एक कार्ड,
फोटोत माझा डावा डोळा अर्धवट मिटलेला.
त्या कार्डानं सात दारं उघडतात. आठवं नाही.
आठव्यापलीकडे काय आहे ते अकरा आठवड्यांत
कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

बर्गनमधली ही समुद्र-संशोधन संस्था एवढी मोठी
की जेवणाच्या सुट्टीत मी दोनदा
भलत्याच विभागाच्या टेबलावर जाऊन बसले
आणि शेवाळाबद्दल अर्धा तास मान डोलावून आले.
यादीत मी आहे : उन्हाळी विद्यार्थी, क्रमांक तीन.
एक म्हणजे एस्किल.
दोन आलाच नाही.

काम असं :
कॉड माशाच्या कानात खडा असतो,
पांढरा, शेंगदाण्याएवढा, कडेनं दातेरी.
तो मधोमध मोडायचा
(वाळकी शेंग फुटावी तसा आवाज होतो),
वर तेलाचा थेंब, मग भिंगाखाली धरून मोजायचं.
उजळ पट्टा म्हणजे उन्हाळा.
काळी रेघ म्हणजे हिवाळा.
रेघा मोजल्या की वय.
वयं मांडली की साठा.
साठ्यावरून कुणीतरी वरच्या मजल्यावर ठरवतं
यंदा कुणी किती टन मासे धरायचे.

टोरब्योर्गबाई एकतीस वर्षं मोजतायत.
त्यांच्या खुर्चीतल्या उशीला त्यांचाच आकार आलाय.
माझ्या खांद्यावरून वाकून त्या म्हणाल्या,
"ही रेघ खोटी आहे. हिवाळा नाही हा,
हा उन्हाळ्यातला उपास.
अन्न मिळालं नाही की असंच उमटतं."
"मग फरक कसा ओळखायचा?"
"चुकून चुकून," त्या म्हणाल्या
आणि तपकिरी चीजचा तुकडा चघळत निघून गेल्या.

एकाच खड्यात मला अकरा दिसले, एस्किलला नऊ.
दोघंही हट्टाला पेटलो.
पुन्हा वाद घालायचा नाही, असा कानाला खडा लावला
आणि दुपारी दुसऱ्या खड्यावरून पुन्हा भांडलो.

दर रविवारी वेरॉय बेटावरून बाबांचा फोन.
"पुन्हा कोटा कापला तुमच्या लोकांनी.
त्या इमारतीत कुणी कधी समुद्र पाहिलाय का?"
"पाचव्या मजल्यावरून दिसतो," मी म्हटलं.
ते हसले नाहीत.
मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं, की ते पाणी होतं,
फोनवर दोन्ही सारखंच वाटतं.

सातव्या आठवड्यात जुना साठा निघाला.
खोक्यांमध्ये तपकिरी पाकिटं, मासेमाऱ्यांनी भरून पाठवलेली,
प्रत्येकावर तारीख, खोली, लांबी, वजन.
एका गठ्ठ्यातले सगळे सात
पोटात आडवी रेघ असलेले होते,
आणि एक इतका ठाम दाबून लिहिलेला
की पाकिटाच्या मागच्या बाजूलाही तो उठला होता.
आमच्या फ्रिजवर हाच सात असतो,
किराणा मालाच्या यादीत, सात अंडी, सात बल्ब.
बोटीचा नोंदणी क्रमांक वाचायची गरज नव्हती.
तरी वाचला.

चौदा हिवाळ्यांची पाकिटं.
मी तेव्हा सात वर्षांची असणार,
मला वाटायचं, स्वयंपाकघराच्या टेबलावर बाबा
उशिरापर्यंत हिशेब करत बसतात.

टोरब्योर्गबाईंना काही बोलले नाही.
एस्किलला म्हटलं, "ही खोकी मी करते."
त्यानं खांदे उडवले.
चार दिवस लागले. कुठल्याच खड्याला
मी जरासुद्धा झुकतं माप दिलं नाही;
एकदा मोह झाला, तेव्हा उठून
सात दारं ओलांडून बाहेर वाऱ्यात उभी राहिले.

रविवारी ते नेहमीसारखं सुरू झाले :
डिझेल, कोटा, खुर्चीतले शहाणे.
मी मध्येच विचारलं,
"बाबा, खडा काढताना सुरी नक्की कुठून घालायची?"

बराच वेळ नुसतं इंजिन. किंवा पाणी.

"डोळ्यांच्या मागून," ते म्हणाले. "आडवी.
घाई करायची नाही, खडा फुटतो."
आणि मग, घसा साफ करून,
"त्या पाकिटांचा डिंक भिकार आहे.
ओल्या हातानं चिकटतच नाही.
सांग तिथं कुणाला तरी."