सातवं कलम

राग आला की मला सगळं आठवतं.
तारखेसकट, वारासकट,
त्या दिवशी गायीनं किती दूध दिलं त्यासकट.
तांब्याचं पातेलं, जे आईनं माझ्यासाठी ठेवलं होतं
आणि आता ग्रासिंदाच्या भिंतीवर लटकतं, बूड जगाला दाखवत.
माझ्या लग्नात ती सगळ्यांदेखत म्हणाली होती,
"एवढ्याशा कमरेला एवढी लेस?"
एक काढलं की त्याला धरून दुसरं,
दुसऱ्याला धरून तिसरं,
पाटीतले खेकडे यावेत तसे, नांगीत नांगी.

आणि तिच्या दारात उभी राहिले,
ती "आलीस का गं, हडकुळे" म्हणाली
की पाटी रिकामी.
काय बोलायला आले होते
तेच आठवत नाही.

माझा नातू तेल्मो लिस्बनला डॉक्टरकी शिकतो.
त्यानं पावाच्या कागदावर मेंदू काढून दाखवला.
हा बदाम. भीती, संताप इथं उकळतात.
हा त्याच्या शेजारी समुद्रघोडा,
आठवणी ठेवतो, मागितल्या की शोधून देतो.
बदाम तापला ना आजी,
की घोडा त्याच रंगाचं उचलून आणतो.
मी म्हटलं, बाळा, समुद्रघोडे मला नको शिकवूस.
ओहोटीला खडकांत पाहिलेत मी,
शेवाळाला शेपटी गुंडाळून झोके घेताना.
पोहण्यात अगदीच कच्चे.
प्रवाह नेईल तिकडं जातात.
तो म्हणाला, हो. तेच.

म्हणून या खेपेला रागातच लिहून काढलं,
दूधसंघाच्या जुन्या बिलांच्या पाठीवर.
बारा कलमं.
मादालेनाहून ऑर्ताला बोट अर्ध्या तासात जाते,
पण मधलं पाणी त्या दिवशी खवळलेलं.
कागद पोलक्यात, एक हात कठड्याला,
मागं पिकू, ढगाची टोपी घालून,
आणि मी तोंडातल्या तोंडात घोकत:
पहिलं पातेलं, दुसरं लेस, तिसरं आईचं दफन.

तिनं शिंपल्या भाजल्या होत्या, लसूण घालून.
कसल्याशा गोष्टीवर इतकी हसली की कवळी ताटात पडली,
मग मीही.
मध्येच कागद उघडला.
अक्षर माझंच, वाऱ्यात झुकल्यासारखं तिरपं.
पण वाचताना वाटलं,
दुसऱ्याच कुणाच्या दुखण्याची चिठ्ठी
औषधवाल्यानं चुकून माझ्या हातात दिलीय.
घडी घालून ताटाखाली सरकवला,
आणि शेवटच्या बोटीच्या घाईत
तिथंच राहिला.

रात्री फोन.
"इदालिना, तुझं बिल राहिलं इथं."
मी गप्प.
"पातेलं घेऊन जा. तिसरं खरं आहे.
पाचवं माझ्या लक्षातच नव्हतं, चुकलंच माझं.
पण सातवं..."

सातवं म्हणजे राखेचं वर्ष.
कापेलिन्यूशला समुद्र फुटला,
आमच्या कौलांवर गुडघाभर राख, दुपारी दिवे.
मी सात वर्षांची, ती नऊ.
तिनं मला गोठ्यात ढकललं, बाहेरून कडी घातली.
फटीतून आलेली करड्या उजेडाची रेघ,
मानेवर वासराचा ओला श्वास.
न्यायाधीशासमोर शपथेवर सांगेन.

"आत मी होते," ग्रासिंदा म्हणाली.
"कडी तू घातलीस."

दोन बेटांमधलं पाणी
तारेतून ऐकू येत होतं.
राग येईल म्हणून वाट पाहिली.
आला नाही.
मग त्याच्याशिवायच अंधारात हात घातला,
चाचपत.
वासराचा श्वास होता, तिथंच.
रेघही होती.
आणि तळहातावर
लोखंडाची कडी, गार,
राखेनं खरखरीत.

ही कुठून आली?

"ऐकतेयस ना?" तिनं विचारलं.
"वासरू सोबत होतं," ती म्हणाली, "म्हणून रडले नाही."
ते वासरू माझं आहे, असं ओठांवर आलं होतं.
गिळलं.

तेल्मोला विचारणार होते. नाही विचारलं.
तो घोड्याचं चित्र काढेल पुन्हा.
गुरुवारी पातेलं आणायला जातेय,
सव्वाआठच्या बोटीनं.
कागद नेणार नाही.